पाळी जातानाच्या गरम वाफा आणि मैत्रिणीने दिलेली ‘नैसर्गिक’ कॅप्सूल

नाशिकच्याच एका ताईंनी विचारलंय, प्रश्न थोडक्यात असा. वय ४८, सिडकोत राहतात, शाळेत शिकवतात. गेल्या ५ महिन्यांत पाळी एकदाच आली आणि तेव्हा ९ दिवस अंगावरून जात राहिलं, गाठीही पडल्या. दिवसातून ७-८ वेळा छातीपासून डोक्यापर्यंत वाफ चढते, रात्री गाऊन भिजून जाग येते, वर्गात फळ्यासमोर उभं असताना चेहरा एकदम लाल होतो आणि मुलं बघत राहतात. थायरॉईडची ७५ ची गोळी चालू आहे, बीपीची एक गोळी चालू आहे. भिशीतल्या मैत्रिणीने कॅप्सूलची एक डबी दिलीय, त्यावर शतावरी, अश्वगंधा, सोया आयसोफ्लेवोन, ब्लॅक कोहोश आणि ज्येष्ठमध असं लिहिलंय. मैत्रिणीला महिन्याभरात फरक पडला. ताई म्हणतात, “नैसर्गिक आहे तर घ्यायला हरकत नाही ना? डॉक्टरकडे गेले की हार्मोन देतील आणि माझ्या मावशीला ब्रेस्ट कॅन्सर झाला होता.”

ताई, मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, २६ वर्षं नाशकात प्रॅक्टिस करतेय, आणि हा प्रश्न माझ्याकडे आठवड्यातून दोन-तीनदा तरी येतो, बऱ्याचदा पर्समधून डबी काढून टेबलावर ठेवूनच येतो. आधी सरळ उत्तर देते. ती डबी सध्या उघडू नका. वनस्पती वाईट असतात असं मला म्हणायचं नाहीये, मी स्वतः काही बायकांना शतावरी चालू ठेवू देते, सोया तर आहारात घ्या म्हणून सांगते. पण तुमच्या बाबतीत त्या ५ घटकांपैकी ३ घटक तुमच्या चालू गोळ्यांच्या आड येतात, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या ९ दिवसांच्या रक्तस्रावाचं कारण अजून कोणी बघितलेलंच नाही.

तुम्ही कॅप्सूलबद्दल विचारलंय पण मला वाचताना त्यात तीन वेगवेगळे प्रश्न दिसले. हे सगळं पाळी जाण्याचंच आहे का, हा पहिला. या कॅप्सूलने वाफा खरंच कमी होतात का, हा दुसरा. आणि तुम्हाला, म्हणजे थायरॉईड आणि बीपी असलेल्या ४८ वर्षांच्या बाईला, ती चालेल का, हा तिसरा. मैत्रिणीला चाललं यावरून यातल्या एकाचंही उत्तर मिळत नाही, कारण तिची फाईल वेगळी, तुमची वेगळी.

पहिल्यापासून सुरू करते. आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षी जाते, पाश्चात्त्य देशांत ५१ च्या आसपास, म्हणजे तुमचं वय अगदी त्यातलंच आहे. पण पाळी ‘गेली’ असं आम्ही सलग १२ महिने एकदाही आली नाही की मगच म्हणतो. तुमचे ते १२ महिने अजून झालेले नाहीत. तुम्ही त्या मधल्या काळात आहात जिथे बीजकोश कधी इस्ट्रोजेन हे हार्मोन भरपूर सोडतात कधी अजिबात नाही, आणि खरा त्रास याच चढ-उताराचा असतो. म्हणूनच बऱ्याच जणींना पाळी पूर्ण बंद होण्याच्या आधीच वाफा सुरू होतात आणि त्या गोंधळून जातात की पाळी तर येतेय मग हे काय. (आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून सांगते, या काळात दिवस राहू शकतात. पन्नाशीच्या आत पाळी बंद झाली तर पुढची २ वर्षं आणि पन्नाशीनंतर बंद झाली तर १ वर्ष काळजी घ्यायची असते. ४८ व्या वर्षी पाळी लांबली की मी आधी लघवीची टेस्ट करते, बायकांना अवघडल्यासारखं होतं, पण मी करतेच.)

आता या वाफा म्हणजे काय. आपल्याकडे बायका म्हणतात ‘उष्णता वाढली’, मग सब्जा, धने-जिऱ्याचं पाणी, गुलकंद चालू होतं. ते घ्या, सब्जाने काही बिघडत नाही, गुलकंद मात्र शुगर असेल तर नको. पण खरं म्हणजे अंगात उष्णता वाढलेली नसते. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे, तो शरीराचं तापमान सांभाळतो. इस्ट्रोजेन कमी झालं की तिथल्या काही पेशी जास्त चेकाळतात आणि तापमानाचा जो थोडाफार चढ-उतार शरीर एरवी खपवून घेतं तो खपवून घेईनासं होतं. अगदी किंचित तापमान वाढलं तरी मेंदूला वाटतं आता फार गरम झालं, लगेच कातडीच्या रक्तवाहिन्या उघडतात, चेहरा लाल होतो, घाम फुटतो, छाती धडधडते आणि नंतर थंडी वाजते. २-४ मिनिटांचा खेळ असतो, पण दिवसात ८ वेळा आणि रात्री ३ वेळा झाला की माणूस पार थकून जातो. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागेत काम करणाऱ्या बायका मार्च-एप्रिलमध्ये येतात तेव्हा त्यांना उन्हाचा घाम कुठला आणि हा घाम कुठला हेच कळत नसतं, त्यांना वाटतं अंगातली ताकद गेली. आणि हा त्रास २-४ महिन्यांचा नसतो. अमेरिकेत हजारो बायकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करून जो मोठा अभ्यास झाला त्यात निम्म्या बायकांत वाफांचा काळ ७.४ वर्षांपेक्षा जास्त निघाला. म्हणून ‘सहन करा, जाईल आपोआप’ हे जे घरात सांगितलं जातं ते मला अजिबात पटत नाही.

पण घाम आणि धडधड फक्त पाळी जाण्यानेच होते असं नाही. थायरॉईडच्या गोळीचा डोस जास्त पडला तरी हेच होतं, अगदी हुबेहूब हेच. अॅनिमिया असला तरी धडधडतं, आणि ९ दिवस गाठी पडून गेलं असेल तर हिमोग्लोबिन बघायलाच हवं. त्यामुळे टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी, थायरॉईड कमी पडलं की हा आकडा चढतो, जास्त झालं की उतरतो), हिमोग्लोबिन, शुगर, लिव्हरची तपासणी आणि पोटाची सोनोग्राफी, एवढं आधी. महागडे हार्मोनचे पॅनल करू नका. तुमच्या वयात एफएसएच (बीजकोशांना चालना देणारं हार्मोन) आज जास्त येतं आणि पुढच्या महिन्यात नॉर्मल, त्यावरून मी काहीच ठरवत नाही.

आता रक्तस्रावाचं सांगते. काही वर्षांपूर्वी निफाडकडच्या एक काकू माझ्याकडे आल्या, वय ५३, पाळी जाऊन दोन वर्षं झाली होती. वाफांसाठी कोणीतरी दिलेली अशीच मिश्र कॅप्सूल घेत होत्या. तिसऱ्या महिन्यात थोडं थोडं रक्त दिसायला लागलं. त्यांना आनंद झाला, घरातल्यांनाही वाटलं कॅप्सूलचा गुण आला, पाळी परत आली, शरीर तरुण झालं. मग कॅप्सूल अजून ७ महिने चालू ठेवली. माझ्याकडे आल्या तेव्हा गर्भपिशवीच्या अस्तराची बायोप्सी केली तर कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, आजार पिशवीच्या बाहेर गेलेला नव्हता, आज त्या चांगल्या आहेत. कॅप्सूलने कॅन्सर झाला असं मी म्हणत नाही, तसं म्हणायला माझ्याकडे काही आधार नाही. पण कॅप्सूलमुळे ७ महिने गेले हे मी डोळ्यांनी बघितलं. पाळी पूर्ण बंद झाल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला तरी दाखवायचं, आणि तुमच्यासारख्या मधल्या काळात ७ दिवसांपेक्षा जास्त गेलं, गाठी पडल्या, दोन पाळ्यांच्या मध्येच दिसलं, संबंधानंतर दिसलं, तरी दाखवायचं. सोनोग्राफीत अस्तराची जाडी बघतात, गरज वाटली तर छोटी बायोप्सी घेतात. त्याचा रिपोर्ट हातात येईपर्यंत इस्ट्रोजेनसारखं काम करणारी कुठलीच गोष्ट, मग ती गोळी असो की वनस्पती, सुरू करू नये.

दुसरा प्रश्न, गुण येतो का. इथे मैत्रिणीला खोटं पाडायचं नाहीये, तिला फरक पडलाच असणार. पण वाफांच्या बाबतीत एक विलक्षण गोष्ट आहे. हार्मोनच्या गोळ्यांवर जे चांगले अभ्यास झाले ते सगळे एकत्र करून बघितले तेव्हा ज्या बायकांना फक्त खोटी गोळी दिली होती त्यांच्याही वाफा सुरुवातीच्या तुलनेत ५७.७ टक्के कमी झालेल्या दिसल्या. म्हणजे निम्म्याहून जास्त! यात मनाचा भाग आहे, आणि त्रास अगदी टोकाला असताना आपण औषध सुरू करतो, मग तो आपोआप थोडा उतरतोच, हाही भाग आहे. आणि हार्मोनच्या खऱ्या गोळीने त्या खोट्या गोळीच्या तुलनेतही वाफा ७५ टक्क्यांनी कमी केल्या. त्यामुळे एखाद्या कॅप्सूलने ‘महिन्यात फरक पडला’ हे ऐकलं की मी पुढचा प्रश्न विचारते, नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा जास्त पडला का?

ब्लॅक कोहोशचं बघा. ही उत्तर अमेरिकेतली वनस्पती, तिचं मूळ वापरतात, तिथल्या मूळ रहिवाशांकडून आलेलं औषध आहे, जर्मनीत १९५० च्या दशकापासून गोळीच्या रूपात मिळतं. आपल्या आयुर्वेदात हिचा उल्लेख नाही, डबीवर हिरवी पानं आणि खलबत्त्याचं चित्र असलं म्हणून ती आपली होत नाही. २००६ साली अमेरिकेत ३५१ बायकांवर वर्षभराचा अभ्यास झाला, त्यात एका गटाला ब्लॅक कोहोश, एका गटाला बऱ्याच वनस्पतींचं मिश्रण, एकाला मिश्रण आणि वर सोया खाण्याचा सल्ला, एकाला हार्मोन आणि एकाला खोटी गोळी दिली. वनस्पतींच्या गटांत आणि खोट्या गोळीत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही, हार्मोनच्या गटात निघाला. २०१२ मध्ये १६ अभ्यास एकत्र करून पाहिले, २०२७ बायका, तरीही ठाम पुरावा मिळाला नाही. आणि दुसऱ्या बाजूला लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. कमी आहेत, पण आहेत, आणि त्यामुळेच ऑस्ट्रेलियात २००६ पासून या औषधाच्या डबीवर लिव्हरची सूचना छापावी लागते. त्यात अजून एक गुंता, बाजारातल्या काही मालात ब्लॅक कोहोशच्या नावाखाली तिच्या आशियातल्या स्वस्त चुलतबहिणी भरलेल्या सापडल्यात, त्यामुळे इजा नक्की कशाने झाली हेही धड सांगता येत नाही.

माझ्याकडे कॉलेज रोडच्या एक मॅडम होत्या, पन्नाशीच्या, तीन महिने अशीच कॅप्सूल घेत होत्या. भूक गेली, मळमळ, आणि लघवी चहासारखी पिवळी व्हायला लागली, त्यांना वाटलं बाहेरचं पाणी बाधलं. लिव्हरचे आकडे खूप वाढलेले होते. काविळीची नेहमीची कारणं तपासली, काही सापडलं नाही. कॅप्सूल बंद केली आणि पुढच्या ७ आठवड्यांत आकडे खाली आले. त्या डबीत ११ घटक होते, त्यातल्या नेमक्या कुठल्या घटकाने हे केलं हे मी आजही सांगू शकत नाही. मिश्रणांबद्दल माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे, गुण आला तरी कोणाचा ते कळत नाही आणि बाधलं तरी कोणाचं ते कळत नाही.

सोयाचं जरा बरं आहे. त्यातले आयसोफ्लेवोन इस्ट्रोजेनसारखं पण खूप सौम्य काम करतात. बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशेब केला तर खोट्या गोळीपेक्षा वाफांची संख्या साधारण २० टक्क्यांनी कमी होते असं निघालं, म्हणजे तुमच्या १० वाफा असतील तर त्या ८ होतील. काहींना तेवढंही पुरतं. हे सगळ्यांना सारखं लागू पडत नाही, कारण आतड्यातल्या जंतूंनी त्यातून ‘इक्वॉल’ नावाचा पदार्थ बनवायला लागतो आणि तसे जंतू सगळ्यांकडे नसतात. जेवणातलं सोया, म्हणजे सोयाबीनची भाजी, सोया चंक्स, टोफू, पिठात मूठभर सोयाबीन, याला माझी काहीच हरकत नाही. पण इटलीतल्या एका अभ्यासात रोज १५० मिलिग्रॅम आयसोफ्लेवोन ५ वर्षं घेणाऱ्या काही बायकांच्या गर्भपिशवीचं अस्तर वाढलेलं आढळलं, त्यामुळे मोठ्या डोसची कॅप्सूल वर्षानुवर्षं घेत राहणं मला मान्य नाही. आणि तुमच्यासाठी खास गोष्ट अशी की सोया थायरॉईडच्या गोळीला आतड्यात नीट शोषू देत नाही. थायरॉईडची गोळी सकाळी रिकाम्या पोटी, आणि सोया, कॅल्शियम, लोह यातलं काहीही त्यानंतर ४ तासांनी. कॅल्शियमचं तर निम्म्या बायकांना माहीतच नसतं, दोन्ही गोळ्या एकत्र गिळतात आणि मग म्हणतात डोस वाढवूनही टीएसएच का उतरत नाही.

अश्वगंधा नेमकी उलट्या बाजूने त्रास देते. ती थायरॉईड हार्मोन वाढवू शकते. झोप आणि बेचैनीसाठी तिचा थोडा उपयोग दिसतो, पाळी जाण्याच्या काळातल्या बायकांवर भारतातच झालेला एक छोटा ८ आठवड्यांचा अभ्यास आहे, त्यात त्रास कमी झाला होता, पण ८ आठवड्यांवरून पुढच्या ५ वर्षांचं कसं ठरवणार. माझ्या एका थायरॉईडच्या पेशंटने गोळीसोबत अश्वगंधा सुरू केली, दीड महिन्यात हात थरथरायला लागले, नाडी ११०, घाम, झोप उडाली, आणि तिला वाटलं वाफा वाढल्या म्हणून तिने कॅप्सूल दोनच्या तीन केल्या. टीएसएच एकदम खाली गेलेलं निघालं. म्हणजे जी लक्षणं घालवायला ती कॅप्सूल घेत होती तीच लक्षणं बहुतेक कॅप्सूल देत होती. अश्वगंधेनेही लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि डेन्मार्कने २०२३ मध्ये सप्लिमेंटमध्ये तिच्यावर बंदीच घातली. आपल्याकडे परंपरेने तिचं मूळ वापरतात, पानं वापरू नका असं आयुष मंत्रालयानेही उत्पादकांना कळवलेलं आहे, म्हणून लेबलवर मूळ लिहिलंय की नुसतं ‘अश्वगंधा अर्क’ लिहिलंय हे बघावं लागतं.

ज्येष्ठमध. घसा बसला की तोंडात धरतो तेच, त्यामुळे कोणाला त्याची भीती वाटत नाही. एखाद-दोन दिवस चघळल्याने काही होत नाही, पण रोज अर्काच्या रूपात आठवडेच्या आठवडे पोटात गेलं तर शरीरात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम उतरतं आणि बीपी वाढतं. तुमची बीपीची गोळी कुठली ते लिहिलेलं नाही, त्यात लघवी जास्त व्हायचा घटक जोडलेला असेल, आणि हल्ली बऱ्याच जोडगोळ्यांत असतो, तर पोटॅशियम दोन्हीकडून उतरणार. बीपी असलेल्या कुठल्याही बाईला मी रोजचं ज्येष्ठमध नको म्हणूनच सांगते.

शतावरीबद्दल बायकांच्या मनात फार माया आहे, बाळंतपणात दूध यावं म्हणून आईने दिलेली असते, म्हणून ती आपलीच वाटते. पाचातली मला सगळ्यात कमी काळजीची हीच. वाफांवरचा पुरावा तुटपुंजा आहे, पण चालू असेल आणि बरं वाटत असेल तर मी बंद करायला लावत नाही. फक्त दोन गोष्टी बघते. एक, शतावरी कल्प म्हणून जे दाणेदार मिळतं त्यात मोठा वाटा साखरेचाच असतो, दिवसातून दोनदा दोन-दोन चमचे दुधातून घेणाऱ्या शुगरच्या बायका माझ्याकडे येतात आणि म्हणतात गोड काहीच खात नाही हो. दोन, ज्यांना स्वतःला ब्रेस्टचा किंवा गर्भपिशवीचा कॅन्सर होऊन गेलाय त्यांनी आपल्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीच घ्यायचं नाही, शतावरीसुद्धा नाही. तुमच्या डबीत नाही पण पुष्कळ जणी विचारतात म्हणून, प्रिमरोजच्या तेलाच्या कॅप्सूल वाफांवर काही करत नाहीत, १९९४ मध्येच ते तपासून झालंय. आणि अशोकारिष्ट वगैरे अरिष्टांत आंबवल्यामुळे तयार झालेलं अल्कोहोल असतं, लिव्हरचा त्रास असेल तर तेही लक्षात असू द्या. जास्त अंगावरून जातंय म्हणून तपासणी न करता महिनोन्महिने अशोकारिष्ट पीत बसायचं नाही.

लेबलचं थोडं. डबीवर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा बघणारी सरकारी संस्था) १४ आकडी नंबर असेल तर कायद्याने ते खाद्यपदार्थात मोडतं, औषधात नाही, रोग बरा करतो असा दावाही त्यांना करता येत नाही. आयुर्वेदिक औषध असेल तर त्यावर राज्याच्या परवान्याचा नंबर असतो. दोन्हीपैकी एकही नसेल तर वापरायचंच नाही. प्रत्येक घटक किती मिलिग्रॅम आहे ते लिहिलेलं हवं, नुसतं ‘मिश्रण ५०० मिलिग्रॅम’ असेल तर तुम्ही काय गिळताय हे तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही नाही. आणि पुडीत बांधून मिळणारी, नाव-गाव नसलेली चूर्णं आणि भस्म टाकलेल्या गोळ्या तर नकोच. २००८ मध्ये इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांची अमेरिकेत तपासणी झाली, त्यात जवळजवळ २१ टक्क्यांत शिसं, पारा किंवा अर्सेनिक सापडलं. पंचवटीतल्या जुन्या काष्ठौषधीच्या दुकानातून ओळखीचं मूळ आणणं वेगळं आणि व्हॉट्सअॅपवरून पुडी मागवणं वेगळं. आयुर्वेदाचंच घ्यायचं असेल तर शिकलेल्या वैद्यांकडे जाऊन, नाडी-प्रकृती दाखवून, चालू गोळ्यांची यादी समोर ठेवून घ्या. माझे काही पेशंट तसं करतात आणि मी आणि ते वैद्य फोनवर बोलतो, त्यात कमीपणा काही नाही.

आता तुमची खरी भीती, हार्मोन आणि कॅन्सर. ही भीती जुलै २००२ मध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास मध्येच थांबवला तेव्हापासून घरोघरी पोचली. १६,६०८ बायका होत्या, इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनच्या गोळीच्या गटात ब्रेस्ट कॅन्सर जास्त निघाले. किती जास्त, तर वर्षाला १०,००० बायकांमागे ८. आणि त्या बायकांचं सरासरी वय होतं ६३, म्हणजे पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झालेल्या. पुढे त्याच आकड्यांचा वयानुसार हिशेब केल्यावर चित्र बदललं, आज साठीच्या आतल्या किंवा पाळी जाऊन १० वर्षं न झालेल्या, बाकी तब्येत ठीक असलेल्या आणि खूप त्रास असलेल्या बाईसाठी हार्मोनचा फायदा धोक्यापेक्षा जास्त धरला जातो. धोका शून्य असतो असं मी कोणाला सांगत नाही. स्वतःला ब्रेस्ट कॅन्सर झालेला, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ, लकवा, लिव्हरचा चालू आजार, किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल तर मी हार्मोन देत नाही. म्हणजे आज, तपासणी होईपर्यंत, तुम्हालाही देणार नाही. पण एका मावशीला कॅन्सर झाला एवढ्यावरून दार बंद होत नाही. मावशीला कितव्या वर्षी झाला, आईच्या बाजूला अजून कोणाला ब्रेस्टचा किंवा बीजकोशाचा झालाय का, हे विचारावं लागतं, मॅमोग्राफी करावी लागते. गर्भपिशवी असेल तर इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन द्यावंच लागतं. कातडीवर लावायच्या जेलमध्ये रक्ताची गाठ होण्याचा धोका तोंडातून घ्यायच्या गोळीपेक्षा कमी असतो, म्हणून बीपी, वजन असं काही असेल तर मी जेलकडे झुकते.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणाची पिशवी आणि त्यासोबत दोन्ही बीजकोश चाळिशीच्या आत काढलेले असतील तर त्यांना वेगळं सांगते, आपल्याकडच्या खेड्यांत अशा बायका खूप आहेत. त्यांच्यासाठी हा प्रश्न वाफांपुरता नसतो, हाडं आणि हृदय दोन्हींचा असतो, आणि त्यांनी साधारण पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापर्यंत हार्मोन घेण्याबद्दल डॉक्टरांशी बोलायलाच हवं. शतावरीने ते भरून निघणार नाही.

ज्यांना हार्मोन चालत नाही किंवा नकोच आहे त्यांच्यासाठी बिनहार्मोनच्या गोळ्याही आहेत. डिप्रेशनसाठीच्या काही गोळ्या अगदी कमी डोसमध्ये वाफांवर काम करतात, रात्रीच्या घामासाठी गॅबापेन्टिन देतात. बीपी असेल तर त्यातली कुठली द्यायची हे बघून ठरवावं लागतं, आणि टॅमॉक्सिफेन ही ब्रेस्ट कॅन्सरची गोळी घेणाऱ्यांना डिप्रेशनच्या गोळ्यांतली पॅरोक्सेटीन चालत नाही. वजन जास्त असेल तर ते उतरवल्याने वाफा कमी होतात. झोपायच्या आधी कडक चहा, तिखट रस्सा, मद्य याने ज्यांना भडका उडतो त्यांनी ते सोडून बघावं, पण सगळ्यांना त्याचा संबंध असेलच असं नाही, उगाच मिसळ वर्षभर बंद करून बसू नका, आधी वहीत लिहून बघा. योनीचा कोरडेपणा, जळजळ, वारंवार लघवीचा त्रास हा वाफांच्या कॅप्सूलने जाणार नाही, त्याला लावायचं वेगळं क्रीम असतं आणि त्यातून रक्तात जाणारं औषध फार कमी असतं. त्याबद्दल बायका शेवटच्या क्षणी, दारात उभ्या राहून विचारतात, ताई तुम्ही आधी विचारा.

तुमच्या जागी माझी बहीण असती तर तिला काय सांगितलं असतं ते लिहिते. या आठवड्यात सोनोग्राफी आणि रक्ततपासणी. टीएसएच बिघडलेलं असेल तर आधी गोळीचा डोस नीट करून ६ आठवडे थांबायचं, कित्येकींचा अर्धा त्रास तिथेच जातो. अस्तर ठीक असेल आणि तरी वाफा उरल्या तर मग आपण समोरासमोर बसून हार्मोन, बिनहार्मोन, की सोया असं ठरवू. वनस्पतीचंच आधी करून बघायचं असेल तर मी अडवणार नाही, पण एका वेळी एकच घटक, मिश्रण नाही, आणि मुदत १२ आठवड्यांची. सुरू करण्याच्या आधी २ आठवडे वहीत रोज किती वाफा आल्या, रात्री किती वेळा जाग आली ते लिहायचं आणि सुरू केल्यावरही लिहायचं. शाळेच्या डायरीत कोपऱ्यात रेघा मारल्या तरी चालतील. १२ आठवड्यांनी रेघा मोजायच्या. निम्म्याही झाल्या नसतील तर ते बंद, मैत्रीण काहीही म्हणो. कुठलंही ऑपरेशन ठरलं तर २ आठवडे आधी सगळ्या वनस्पती बंद करायच्या आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगायचं. मध्ये कधीही भूक गेली, उजव्या बरगडीखाली दुखलं, अंगाला खाज सुटली, डोळे किंवा लघवी पिवळी झाली तर त्याच दिवशी बंद करून लिव्हरची तपासणी.

आणि येताना ती डबी सोबत आणा, नुसता लेबलचा फोटो नको, फोटोत बारीक अक्षरं दिसत नाहीत. थायरॉईडची आणि बीपीची पाकिटंही आणा. तुमच्या मैत्रिणीलाही एकदा लिव्हर आणि बीपी बघून घ्यायला सांगा, तिला वर्ष होत आलं असेल तर नक्कीच. तिने तुमच्या काळजीपोटीच डबी दिलीय, तेव्हा तिला हे सांगताना रागावू नका, हवं तर दोघी मिळूनच या.